तुमचं नेहमीचं

ज्या माणसाला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्या वाट्याला काय काय येतं हे सांगायला बसलं तर दिवस पुरायचा नाही. फ्रेमवाल्यांच्या घरी तीन बिनकामाच्या विमा पॉलिसी होत्या. एका विक्रेत्याचा पडलेला चेहरा बघवेना म्हणून घेतलेला बारा खंडांचा ज्ञानकोश होता. शेजाऱ्याने 'आठवडाभर ठेवा हो' म्हणून आणून टाकलेलं आणि चार वर्षं कपडे वाळत घालण्याच्या कामी आलेलं व्यायामाचं यंत्रही होतं. पण हे सगळं किरकोळ. गेली दहा वर्षं, दर गुरुवारी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, फ्रेमवाल्यांच्या पुढ्यात काळ्या ऑलिव्हांचा पास्ता येत होता. आणि ऑलिव्हांचा त्यांना जन्मापासून तिटकारा होता.

फ्रेमवाल्यांचं चौकात फोटोफ्रेमचं दुकान होतं. वय बावन्न, लग्न राहून गेलेलं. लग्न करायचं नाही असं काही त्यांनी ठरवलं नव्हतं; ठरवणं हाच त्यांचा प्रांत नव्हता. दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो मात्र त्यांनी इतके निगुतीने चौकटीत बसवले होते की चारही कोपऱ्यांच्या फटीतून केसही जाऊ नये. दुकानाच्या वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची थोरली बहीण, ताई, असे दोघं राहत.

आणि दुकानाच्या समोर, रस्ता ओलांडला की, ते छोटं इटालियन रेस्टॉरंट.

तिथे एवढं जाण्यासारखं काय होतं, हे पटकन सांगता येत नाही. सात टेबलं. लाल-पांढऱ्या चौकड्यांचे टेबलक्लॉथ, धुऊन धुऊन लालाचा गुलाबी झालेला. मेनू काळ्या पाटीवर खडूने. एका खुर्चीचा पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याचा तुकडा. तो फ्रेमवाल्यांनीच मापात कापून दिलेला. तेलात लसूण पडला की वास रस्ता ओलांडून दुकानात यायचा आणि फ्रेमवाल्यांचा हात मापपट्टीवर थबकायचा. पावाची टोपली रिकामी झाली की न मागता भरायची. जेवण झाल्यावर 'आणखी काही?' असं तीनदा विचारून कुणी तुम्हाला उठवत नसे. आणि मुख्य म्हणजे एकटा माणूस आला तर त्याला दाराजवळच्या वाऱ्यात, बेसिनच्या शेजारी ढकलत नसत. चांगलं खिडकीचं टेबल देत. याची किंमत एकट्या माणसालाच कळते, बाकीच्यांनी उगाच मान डोलवू नये.

मालकीणबाई काही इटालियन नव्हत्या. एका मोठ्या हॉटेलच्या मुदपाकखान्यात अकरा वर्षं राबून त्या हे शिकल्या होत्या. नवऱ्याशी पटेना तेव्हा रीतसर फारकत घेऊन दोन सुटकेस आणि पास्ता लाटायचं एक लोखंडी मशीन घेऊन वडिलांकडे परत आल्या, आणि वर्षभरात हे रेस्टॉरंट काढलं. नवऱ्यापेक्षा मशीन बरं, असं त्या म्हणत. उलटून बोलत नाही. वाढायचं काम त्यांच्या वडिलांकडे. वडील निवृत्त पोस्टमन. सगळा परिसर त्यांना काका म्हणे. छत्तीस वर्षं त्यांनी पत्रं वाटली आणि एकही चुकीच्या दारात टाकलं नाही, ही गोष्ट ते नव्या गिऱ्हाइकाला पाण्याच्या पेल्याआधी द्यायचे.

ऑलिव्हांचं दुखणं सुरू झालं ते याच अभिमानापायी.

रेस्टॉरंट उघडलं त्या दिवशी, गुरुवारीच, फ्रेमवाले समोरचे शेजारी म्हणून पहिल्याच संध्याकाळी गेले. आत गिऱ्हाइकं अशी दोनच टेबलांवर. एकावर फ्रेमवाले, दुसऱ्यावर एक जोडपं, आणि ते जोडपं दबक्या आवाजात कडाडून भांडत होतं. फ्रेमवाल्यांनी साधा टोमॅटोचा पास्ता मागवला. जोडप्याने ऑलिव्हांचा. काकांनी दोन्ही चिठ्ठीवर लिहिलं आणि ते आत गेले.

स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्ये प्लेटा सरकवायची एक खिडकी होती. तिच्यातून मालकीणबाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला. पहिला दिवस, हातघाईची वेळ, डोकं तापलेलं.

"बाबा, तुम्हाला झेपणार नाही असं मी म्हटलं होतं. आता नीट ऐका. एक प्लेट जरी चुकीच्या टेबलावर गेली ना, तर एप्रन काढायचा आणि घरी बसायचं."

थोड्या वेळाने काका बाहेर आले. दोन्ही हातांत प्लेटा, कपाळावर घाम. त्यांनी टोमॅटोची प्लेट भांडणाऱ्या जोडप्यापुढे ठेवली आणि ऑलिव्हांची फ्रेमवाल्यांपुढे.

"हेच ना तुमचं?" त्यांनी विचारलं.

फ्रेमवाल्यांनी प्लेटीकडे पाहिलं. काळी, तुकतुकीत, बियांसकट अख्खी अकरा ऑलिव्हं. मग त्यांनी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. शाळेतलं पोर निकालाच्या दिवशी बघतं तसे काका बघत होते.

"हो हो," फ्रेमवाले म्हणाले. "हेच माझं."

जोडप्याचं काय झालं म्हणाल, तर त्यांनी पुढ्यात काय आलं ते पाहिलंच नाही. भांडता भांडता ते संपवलं आणि भांडत भांडत निघून गेले. फ्रेमवाल्यांनी तीन ऑलिव्हं पाण्याच्या घोटाबरोबर गिळली, बाकीची रुमालात बांधली, आणि मालकीणबाई बाहेर येऊन 'कसं झालंय?' असं विचारत्या झाल्या तेव्हा 'अप्रतिम' असं सांगून मोकळे झाले.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही. पुढच्या गुरुवारी ते खुर्चीत टेकतात न टेकतात तोच काका प्लेट घेऊन हजर. "तुमचं नेहमीचं!" एकदाच खाल्लेलं नेहमीचं कसं झालं, हे विचारायची हिंमत फ्रेमवाल्यांना झाली नाही. त्यातून मालकीणबाई खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "तुमच्यासाठी मुद्दाम चार जास्त घातलीत." मग काय, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिसऱ्या महिन्यात आणखी एक पंचाईत झाली. काका रिकामी प्लेट उचलताना घाबरून म्हणाले, "अहो, बिया कुठे गेल्या? गिळल्यात की काय?" त्या दिवसापासून फ्रेमवाल्यांनी व्यवस्था लावली. खिशात खोकल्याच्या गोळ्यांची एक पत्र्याची डबी. पास्ता खाता खाता, न बघता, चमच्याने एकेक ऑलिव्ह डबीत. ऑलिव्हाकडे निरखून पाहणं तर त्यांनी केव्हाच सोडलं होतं. डबी घरी ताईकडे जायची. ताईला ऑलिव्हं प्राणप्रिय. ती दर गुरुवारी टीव्हीपुढे बसून ती चवीने खायची, बिया धुऊन, पुसून, पुढच्या गुरुवारसाठी भावाला द्यायची. फ्रेमवाले मग बंद मूठ तोंडापर्यंत न्यायचे आणि प्लेटीच्या काठावर एकेक बी ठेवायचे. सात ठेवायचे, फार तर आठ. उरलेल्या बिया ताईने एका बरणीत साठवल्या होत्या आणि ती बरणी खिडकीत ठेवली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण फ्रेमवाल्यांनी दहा वर्षं अक्षरशः जगून दाखवली.

मग जायचंच कशाला, असं कुणीही विचारील. ताईनेही विचारलं होतं, फार पूर्वी. पण उत्तर तिला आधीच ठाऊक होतं. फ्रेमवाले पास्त्यासाठी जातच नव्हते. सहा वाजता मालकीणबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर येत, मनगटाने केस मागे सारत आणि विचारत, "काय फ्रेमवाले, आज कुणाला भिंतीवर टांगलंत?" त्या एका वाक्यासाठी फ्रेमवाल्यांचा अख्खा आठवडा बुधवारपर्यंत कसाबसा ढकलला जायचा. त्यांचं मालकीणबाईंवर प्रेम होतं. चांगलं, जुनं, घट्ट प्रेम होतं, आणि ते आजवर त्यांनी एका ताईखेरीज कुणाला कळू दिलं नव्हतं. ताईलाही त्यांनी सांगितलं नव्हतं, तिने ओळखलं.

आता ताई निघाली होती. तिच्या मुलीला दिवस गेले होते, महिनाअखेरीला ताई कायमची तिकडे जाणार होती. सामान बांधता बांधता एके दिवशी तिने भावाला समोर बसवलं.

"मी गेल्यावर तुझी ऑलिव्हं कोण खाणार?"

"बघू."

"काय बघू? बावन्न वर्षं बघतोयस. मी जायच्या आत तिला विचार. सरळ लग्नाचं विचार."

"ती नाही म्हणाली तर?"

"अरे, तिला नाही म्हणता येतं, हीच तर चांगली गोष्ट आहे. घरात एकाला तरी यायला हवं." ताईने साडीची घडी सुटकेसमध्ये दाबली. "पण आधी त्या ऑलिव्हांचं सांग. जो माणूस ऑलिव्हं नकोत असं म्हणू शकत नाही, तो तुम्ही हव्या आहात असं काय म्हणणार?"

हे बोलणं फ्रेमवाल्यांच्या जिव्हारी लागलं, कारण ते खरं होतं. पण गोम अशी की ऑलिव्हांचं सांगायचं म्हणजे पहिल्या दिवसाचं सांगायचं, आणि पहिल्या दिवसाचं सांगायचं म्हणजे काकांचं उघडं पाडायचं. म्हातारा आता अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. छत्तीस वर्षं पत्रं, दहा वर्षं प्लेटा, आणि चूक शून्य. हीच त्याची काठी होती. ती काढून घेऊन आपलं लग्न जमवायचं, हे फ्रेमवाल्यांच्या मनाला पटेना. ताईला त्यांनी हे समजावून सांगितलं. ताईने ऐकून घेतलं आणि डबी परत देताना ती नुसती गालात हसली. गेले काही महिने ती डबी देताना अशीच हसायची. ऑलिव्हं चांगली निघत असतील, असं फ्रेमवाल्यांना वाटलं.

पुढच्याच गुरुवारी मालकीणबाईंनी बॉम्ब टाकला.

"येत्या गुरुवारी आपल्याला दहा वर्षं होतात," त्या फ्रेमवाल्यांच्या टेबलाशी उभं राहून म्हणाल्या. "पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. म्हणून त्या दिवशी पाटीवर एकच पदार्थ. फ्रेमवाल्यांचा पास्ता. सगळ्यांना ऑलिव्हं. आणि पहिला घास तुम्ही घ्यायचा, सगळ्यांसमोर. ताईंनाही आणा."

"कशाला एवढं..." फ्रेमवाले पुटपुटले.

"का? नको?" मालकीणबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. उत्तरासाठी त्या जरा जास्तच थांबल्या.

"नाही नाही. छानच आहे," फ्रेमवाले म्हणाले.

मालकीणबाई आत गेल्या.

तो आठवडा फ्रेमवाल्यांनी कसा काढला हे त्यांचं त्यांना ठाऊक. एका गिऱ्हाइकाच्या आजोबांचा फोटो त्यांनी उलटा बसवला. रात्री अंथरुणात पडून त्यांनी भाषण जुळवलं आणि सकाळी ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बारीक अक्षरात लिहून काढलं. मालकीणबाई, मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या आहेत, अशी सुरुवात होती. पहिली ऑलिव्हांची, दुसरी लग्नाची. काकांचं नाव कुठेही येऊ नये म्हणून वाक्यं अशी वळवली होती की शेवटी त्यांचा अर्थ त्यांनाच लागेना. तरी पुठ्ठा कोटाच्या एका खिशात गेला. दुसऱ्या खिशात, जुनं खोड काही सुटत नाही, डबी आणि आठ बिया.

गुरुवारी सहा वाजता रेस्टॉरंट गच्च भरलं होतं. औषधाच्या दुकानातले दोघं भाऊ, गल्लीतली शिंपीणबाई, शाळेच्या मुख्याध्यापिका, सगळे दाटीवाटीने बसलेले. पाटीवर मोठ्या अक्षरात 'फ्रेमवाल्यांचा पास्ता'. काका कडक इस्त्रीचा नवा एप्रन घालून मधोमध उभे.

"छत्तीस वर्षं पत्रं!" काका दोन्ही हात वर करून सांगत होते. "दहा वर्षं प्लेटा! आणि एकही, एकही, चुकीच्या दारात नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खिशातल्या पुठ्ठ्यावर ठेवलेला हात फ्रेमवाल्यांनी रिकामाच बाहेर काढला. आता कसलं भाषण आणि कसलं काय. ते मुकाट्याने ताईशेजारी खिडकीच्या टेबलाशी बसले.

प्लेटा आल्या. पहिली फ्रेमवाल्यांपुढे. सगळी खोली त्यांच्याकडे बघत होती. एवढ्या डोळ्यांसमोर डबी काढणं शक्यच नव्हतं. खायचंच, त्यांनी ठरवलं. आयुष्यात काहीतरी ठरवलं तेही हे. त्यांनी डोळे मिटून एक ऑलिव्ह तोंडात टाकलं आणि बी दाताखाली येऊ नये म्हणून बेताबेताने चावलं. कडू, खारट, मेलं ते मेलंच. जीभ बी शोधू लागली. या गालात नाही, त्या गालात नाही. गिळली की काय? इकडे त्यांचा उजवा हात, त्याला दहा वर्षांची सवय, बंद मुठीने तोंडाशी आला आणि प्लेटीच्या काठावर एक बी ठेवून मोकळा झाला.

बी काचेच्या प्लेटीवर टणकन वाजली.

"फ्रेमवाले," मालकीणबाई समोर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. "ही बी कुठून आली?"

फ्रेमवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. औषधवाल्या भावांनी निम्मा पास्ता संपवला होता. शिंपीणबाईंच्या प्लेटीत चारच ऑलिव्हं उरली होती. एकाही प्लेटीच्या काठावर बी नव्हती. मग त्यांनी, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, आपल्या पुढ्यातल्या ऑलिव्हाकडे नीट पाहिलं. त्याच्या पोटात आरपार भोक होतं.

"चार महिने झाले," मालकीणबाई म्हणाल्या. "एका गिऱ्हाइकाचा दात दुखावला, म्हणून मी बिया काढलेली ऑलिव्हं आणायला लागले. आणि चार महिने, दर गुरुवारी, तुमच्या प्लेटीत आठ बिया येतायत."

खोलीत कुणीतरी फिस्कन हसलं. फ्रेमवाल्यांनी ताईकडे पाहिलं. जी बाई ती ऑलिव्हं खात होती, तिला हे चार महिने माहीत होतं. तिने बरणीतल्या जुन्या बिया काढून दिल्या होत्या आणि तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. ताई शांतपणे पावाला लोणी लावत होती.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "पकडला गेल्याशिवाय तू बोलला नसतास."

पण मालकीणबाई हसत नव्हत्या. त्यांचा आवाज खाली आला. "मी रोज वाट बघितली, आज सांगतील, आज सांगतील. म्हणून तर हा सगळा घाट घातला. इतकं का वाईट करते मी, की बाहेर नेऊन टाकावं लागतं?"

"नाही हो!" फ्रेमवाले उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "तुमचं काही वाईट नाही. मला... मला ऑलिव्हं आवडत नाहीत. कधीच आवडली नाहीत."

बोलून गेले आणि त्यांनाच नवल वाटलं. छत कोसळलं नाही.

"मग पहिल्या दिवशी मागवलीत कशाला?"

आता उत्तर सोपं होतं आणि तेच देता येत नव्हतं. मालकीणबाईंच्या खांद्यामागे काका उभे होते, नव्या एप्रनमध्ये, हातात पावाची टोपली.

"चुकून," फ्रेमवाले म्हणाले.

"चुकून एकदा होतं. दहा वर्षं होत नाही." मालकीणबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्याचा त्यांना रागही आला होता. "दर गुरुवारी तुम्ही मला अप्रतिम म्हणालात. मी ते खरं धरून चालले. आता तुम्ही जे जे म्हणालात, त्यातलं मी काय खरं धरायचं?"

त्या वळल्या आणि आत गेल्या. स्वयंपाकघराचं दार आपटलं.

फ्रेमवाल्यांना तिथल्या तिथे धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या एका गोष्टीसाठी दहा वर्षं काढली, ती डोळ्यांदेखत चालली होती. त्यांनी खुर्ची उचलून सरळ केली, पुठ्ठ्याचा तुकडा तिच्या पायाखाली नीट सरकवला आणि ते कोट घ्यायला वळले. तोच काकांनी त्यांचा हात धरला.

पोस्टमनची आठवण चिवट असते. पत्ता एकदा मनात बसला की जात नाही. काका डोळे बारीक करून त्या जुन्या संध्याकाळच्या टेबलांवरून फिरत होते.

"त्या दिवशी त्या टेबलावर एक जोडपं होतं," काका सावकाश म्हणाले. "भांडत होते. ऑलिव्हं त्यांनी मागितली होती."

"आठवत नाही मला," फ्रेमवाले म्हणाले.

"मला आठवतंय. टोमॅटो तुमचा होता." काकांनी टोपली छातीशी धरली. "आणि तुम्ही म्हणालात, हेच माझं. ती आत काय बोलली होती ते तुम्ही ऐकलं होतंत."

"काका, जाऊ द्या हो. जुनी गोष्ट."

पण काका निघाले होते. टोपली त्यांनी ताईच्या हातात दिली, एप्रनची गाठ सोडत सोडत ते आत गेले. प्लेटा सरकवायच्या खिडकीतून सगळं ऐकू आलं, दहा वर्षांपूर्वी आलं होतं तसंच.

"हे घे."

"एप्रन? बाबा, हे काय?"

"पहिल्याच दिवशी प्लेट चुकली होती. चुकीच्या दारात टाकली मी. त्यांनी टोमॅटो मागवला होता. तू म्हणाली होतीस, चुकलं तर एप्रन काढून घरी बसायचं. म्हणून त्यांनी झाकलं. माझ्यापायी ऑलिव्हं खाल्ली त्या माणसाने."

 आत कढईत काहीतरी चुरचुरत होतं.

"मी असं म्हणाले होते?" मालकीणबाईंचा आवाज आला. "कधी?"

"पहिल्या दिवशी."

"बाबा, मला आठवतसुद्धा नाही. त्या दिवशी मी कुणाकुणाला काय काय बोलले असेन! गॅसवाल्याला, पाववाल्याला... तुम्हाला मी खरंच घरी बसवलं असतं का? मला वाढायला दुसरं होतं कोण?"

बाहेर फ्रेमवाले परत खुर्चीत बसले. जे वाक्य बोलणारी त्याच रात्री विसरली, ते त्यांनी आणि त्या म्हाताऱ्याने दहा वर्षं उरावर वागवलं होतं. हसावं की रडावं ते त्यांना कळेना. ताईने ते काम वाटून घेतलं. ती डोळे पुसत हसत होती.

आतून खणखणाट ऐकू आला. कुणीतरी पातेलं चढवलं, कुणीतरी नाक पुसलं. बाहेरच्या लोकांनी शहाण्यासारखं आपापल्या प्लेटीत लक्ष घातलं. दहा-बारा मिनिटांनी मालकीणबाई बाहेर आल्या. डोळे लाल, एका गालावर पीठ. त्यांनी फ्रेमवाल्यांपुढची प्लेट उचलली आणि दुसरी ठेवली. साधा टोमॅटोचा पास्ता, वर बेसिलची दोन पानं.

"तुमची ऑर्डर," त्या म्हणाल्या. "जरा उशीर झाला."

फ्रेमवाल्यांनी घास घेतला. त्या समोरच उभ्या.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं. "आणि हे बघा, खरं सांगायचं."

फ्रेमवाल्यांच्या जिभेवर 'अप्रतिम' हा शब्द तयार होता, दहा वर्षांत गुळगुळीत झालेला. त्यांनी तो गिळला. ऑलिव्ह गिळण्यापेक्षा ते अवघड गेलं.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

औषधवाल्या थोरल्या भावाचा काटा हवेतच राहिला. मालकीणबाईंनी टेबलावरचा चमचा उचलला, फ्रेमवाल्यांच्याच प्लेटीतून एक घास घेतला आणि छताकडे बघत चावला.

"आहे खरं कमी," त्या म्हणाल्या. "रडताना घालायचं राहिलं." आणि समोरची खुर्ची ओढून त्या बसल्या. दहा वर्षांत त्या गिऱ्हाइकाच्या टेबलाशी कधी बसल्या नव्हत्या. मीठ त्यांनीच भुरभुरलं. "आता खरं बोलायला लागलाच आहात, तर आणखी काही आहे का?"

ताईचं कोपर फ्रेमवाल्यांच्या बरगडीत रुतलं. त्यांनी खिशातून पुठ्ठा काढला, त्याच्याकडे पाहिलं, आणि तो उलटा करून टेबलावर ठेवला.

"ऑलिव्हं नकोत मला," ते म्हणाले.

"ते कळलं."

"तुम्ही हव्या आहात." सगळ्या खोलीने काटे-चमचे खाली ठेवले. "म्हणजे, लग्नाचं म्हणतोय मी. तुमची इच्छा असेल तर. नसेल तर मी गुरुवारी येईनच, त्याचं काही नाही."

मालकीणबाईंनी मनगटाने केस मागे सारले. गालावरचं पीठ कपाळालाही लागलं.

"चार महिने मी कशाची वाट बघत होते असं वाटतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "बियांची?"

शिंपीणबाईंनी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. ताई रुमाल शोधू लागली. फ्रेमवाल्यांनी मालकीणबाईंपुढे पावाची टोपली सरकवली. त्यांनी त्यातला एक तुकडा घेतला आणि टोमॅटोच्या सॉसमध्ये, फ्रेमवाल्यांच्याच प्लेटीत, बुडवला.

तेवढ्यात काका आतून आले. एप्रन परत अंगात होता, गाठ नीट मारलेली. हातात गरमागरम प्लेट, काळी ऑलिव्हं वरपर्यंत रचलेली. ती त्यांनी थेट फ्रेमवाल्यांपुढे ठेवली.

"तुमचं नेहमीचं!" काका म्हणाले.

 फ्रेमवाल्यांनी प्लेटीकडे पाहिलं, मग त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे.

"बाबा," ते म्हणाले, आणि 'काका' ऐवजी हा शब्द कधी आला ते त्यांनाही कळलं नाही. "हे मी मागवलं नव्हतं."

"माहीत आहे," काका म्हणाले. "एकदा ऐकायचं होतं." आणि प्लेट उचलून त्यांनी ताईपुढे ठेवली.